प्रकाशाला प्रकाशाचा स्पर्श

आज मननासाठी काचेचा एक तंतू घेऊ. निवांत बसा. श्वास आपोआप संथ होऊ द्या, आणि हा तंतू डोळ्यांसमोर आणा. वरचं प्लास्टिकचं आवरण काढलं की त्याची जाडी उरते १२५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या मधोमध गाभा आहे, जेमतेम ९ मायक्रोमीटर रुंदीचा. गाभ्याचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेपेक्षा किंचित जास्त असतो. फरक अर्ध्या टक्क्याच्याही आतला. तेवढ्याशा फरकाच्या जोरावर प्रकाश आत राहतो, वळणं घेतो, समुद्राच्या तळावरून एका खंडातून दुसऱ्या खंडात जातो. या अर्ध्या टक्क्यापाशी थोडं थांबा.

हा तंतू तुटला की जोडतात कसा, तेही पाहा. रस्त्याकडेला ताडपत्रीच्या सावलीत स्प्लायसिंगचं मशीन मांडलेलं आहे. तंत्रज्ञ स्ट्रिपरने आवरण सोलतो, अल्कोहोलने भिजवलेल्या टिश्यूने उघडी काच पुसतो, क्लीव्हरमध्ये धरून टोक अगदी सरळ कापतो. मग दोन्ही टोकं खाचांमध्ये बसवून झाकण लावतो. मशीनच्या लहानशा पडद्यावर ती मोठी होऊन समोरासमोर येतात, मशीन त्यांना वरखाली करून एका रेषेत आणतं, विजेची ठिणगी पडते आणि काचेत काच मिसळते. जोड दिसेनासा होतो. मी जितक्यांदा हे पाहतो तितक्यांदा त्या माणसाच्या बोटांबद्दल आदर वाटतो.

आता त्या गाभ्यात प्रकाश सोडू या. तो डोळ्यांना दिसणारा नाही, अवरक्त आहे. तरंगलांबी १५५० नॅनोमीटर. मुंबईहून निघालेल्या या प्रकाशाला पुण्याला जायचं आहे, धरून चालू की १५० किलोमीटर. दर १५ किलोमीटरला तो निम्मा होतो. त्याच्याबरोबर मनाने चला. पनवेलच्या आसपास सहावा हिस्सा उरला. घाट चढून लोणावळ्याला आला तेव्हा पन्नासावा. पुण्यात शिरताना हजारावा. एवढाही उरतो हीच नवलाची गोष्ट आहे. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की प्रकाश वाटेत विरतो यात दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धतेचा आहे. एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग जरी उरला तरी दूरसंचारासाठी काच चालेल. त्या काळच्या चांगल्या काचेत प्रकाश काही मीटरमध्येच विरून जाई. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ती शंभरातल्या एकाची पातळी गाठली. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आज आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळही असा तंतू ओढला जातो: उंच मनोऱ्याच्या माथ्याशी शुद्ध काचेचा जाड दांडा सुमारे २००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि तो वितळत खाली येताना त्याचा तंतू होतो.

थोडं आणखी संथ होऊ. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख ४ हजार किलोमीटर असतो. मुंबई-पुणे अंतर तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात कापतो. आपल्याला वाटतं, इकडे पाठवलं आणि तिकडे पोहोचलं. मधे काही नाहीच. पण मधे खूप काही असतं. निरोप म्हणून प्रकाशाचे सेकंदाला १० अब्ज स्पंद पाठवले, तर काचेतला एकेक स्पंद सुमारे २ सेंटीमीटर जागा घेतो. म्हणजे मुंबई सोडलेले आणि पुण्याला न पोहोचलेले सुमारे ७३ लाख स्पंद कोणत्याही क्षणी वाटेत असतात, घाटाच्या पोटात, रस्त्याकडेच्या डक्टमध्ये. ते कोणाच्याच हातात नसतात. एका निरोपाचा मधला भाग असा १५० किलोमीटरभर पसरलेला आहे, हे चित्र मनात स्थिर होऊ द्या.

मग ते चित्र हळूहळू आवळा. स्पंद जवळ जवळ आणा, सेकंदाला १२८० अब्ज होईपर्यंत. आता एकेकाच्या वाट्याला मिलिमीटरचा सहावा भाग येतो. वेळ म्हणाल तर ०.७८ पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दहा हजार अब्ज भाग केले तर त्यातले जवळपास आठ. हे स्पंद वेगळे कोण करणार? विजेवर चालणारा ट्रान्झिस्टर इथे मागे पडतो. त्याचं दार उघडून मिटेपर्यंत स्पंदांची रांग निघून गेलेली असते. इतकं चपळ दार प्रकाशाचंच असू शकतं.

आणि इथेच या विषयाचा गाभा आहे. प्रकाश प्रकाशाला शिवत नाही. अंधाऱ्या अंगणात दोन टॉर्चचे झोत एकमेकांतून आरपार जातात, कोणाचंही काही बिघडत नाही. मग एका प्रकाशाने दुसऱ्याला दिशा द्यायची कशी? मधे काच लागते. १८७५ मध्ये ग्लासगोत जॉन केर यांनी दाखवलं की तीव्र विद्युतक्षेत्रात काचेचे प्रकाशीय गुण बदलतात. प्रकाश म्हणजेही विद्युतक्षेत्राचं आंदोलन, त्यामुळे पुरेसा प्रखर प्रकाश काचेतून जाताना तोही तिला बदलतो. किती? ९ मायक्रोमीटरच्या गाभ्यात एक वॉट प्रकाश असेल, तर अपवर्तनांक दहा अब्जांत तीन भाग इतका वाढतो.

दहा अब्जांत तीन. हा आकडा घाईने वाचून पुढे जाऊ नका. कुठल्याही रोजच्या व्यवहारात आपण तो शून्य धरला असता. पण तंतू लांब आहे आणि बदल वाटेत साठत जातो. एक-दोन किलोमीटरमध्ये सोबतच्या दुसऱ्या प्रकाशलहरीचा उंचवटा जिथे यायचा तिथे खळगा येतो. ही लहर न बदललेल्या लहरीशी मिळवली, तर उंचवट्यावर खळगा पडला की लहर नाहीशी होते, उंचवट्यावर उंचवटा आला की ती बळावते. झालं दार तयार. शिवाय काच हे काही फेम्टोसेकंदांत करते आणि प्रखर स्पंद पुढे गेला की तितक्याच चटकन पूर्ववत होते. तिच्यावर खूण राहत नाही.

२०१० मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हेच काम काही सेंटीमीटरच्या चिपवर केलं. साध्या काचेऐवजी गंधकयुक्त चाल्कोजेनाइड काच घेतली, कारण ती प्रकाशापुढे कितीतरी जास्त झुकते. सेकंदाला १२८० अब्ज स्पंदांच्या त्या दाट रांगेतून त्यांनी दर १२८ व्या स्पंदाला प्रकाशानेच बाजूला काढलं.

काचेच्या याच गुणातून आणखी एक विलक्षण गोष्ट निघते, आणि मला ती सगळ्यात जास्त भावते. दोन रंगांचे प्रकाश काचेत एकत्र गेले की तिसरा रंग जन्मतो, आणि त्यावर मूळ निरोप उलट्या कलेने, म्हणजे लहरीच्या चढ-उताराचा क्रम उलटून, उमटलेला असतो. १९७९ मध्ये अॅम्नॉन यारिव्ह आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की वाटेच्या मध्यावर स्पंदाला असं उलटवावं. पहिल्या अर्ध्या तंतूने त्याला जसं पसरवलं असेल, तसं दुसरा अर्धा तंतू आवरून घेतो. ज्या काचेने निरोप विस्कटला तीच काच तो जुळवते. यावर पाहिजे तेवढा वेळ रेंगाळा.

काचेच्या झुकण्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. एका तंतूत अनेक रंगांचे प्रकाश एकत्र धावतात. त्यांची तीव्रता वाढवत गेलं की ते काचेमार्फत एकमेकांत ढवळाढवळ करतात आणि निरोप गढूळ होतात. तंतूत किती माहिती कोंबता येईल याची मोठी मर्यादा इथूनच येते. जो गुण दार उघडतो तोच गर्दीत त्रास देतो. त्याला काढून टाकायची सोय नाही.

मग सगळं काम प्रकाशावर सोपवायचं का? काही सोपवून झालं आहे. १९८८ च्या पहिल्या अटलांटिकपार प्रकाशीय केबलमध्ये प्रकाशाची वीज करून पुन्हा प्रकाश करावा लागे. १९८७ मध्ये साउदॅम्प्टनमध्ये डेव्हिड पेन यांच्या गटाने एर्बियम मिसळलेल्या तंतूतून प्रकाशानेच प्रकाश वाढवून दाखवला, आणि पुढच्या दशकात समुद्राखालच्या वाटा तशाच झाल्या. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या केबलमधले निरोप असेच वाढत वाढत आलेले असतात. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेल्या विकिरणाच्या परिणामावर चालणारे प्रवर्धकही वापरात आहेत.

पण निरोप वाचणं, त्यातल्या चुका दुरुस्त करणं, पुढची वाट ठरवणं हे अजून इलेक्ट्रॉनिक चिपच करतात, आणि गेल्या दीड दशकात त्या इतक्या तरबेज झाल्या की पसरलेला स्पंद त्या गणिताने सरळ करतात. माझं मत असं की प्रकाशाची जागा तरीही पक्की आहे, कारण प्रकाश-वीज-प्रकाश या प्रत्येक फेरीत ऊर्जा जळते. अडलं आहे ते साठवणुकीपाशी. विजेचा निरोप स्मृतीत ठेवता येतो, प्रकाशाचा नाही. त्याला एक मायक्रोसेकंद थांबवायचं, तर आजही सुमारे दोनशे मीटर काचेचं भेंडोळं मधे घालावं लागतं.