श्रमपरिहाराचे स्नान



दिवाळी जवळ आली की मंदिराच्या ओसरीवर दोन प्रकारचे प्रश्न आमच्या कानी पडू लागतात. भगिनीवर्ग विचारतो, "गुरुजींच्या घरचे उटणे कसे करतात, ते एकदा पत्रकात छापा ना!" आणि एखादे वृद्ध गृहस्थ म्हणतात, "देवाच्या पत्रकात न्हाण्या-धुण्याच्या गोष्टी कशाला? तेथे नामस्मरणाचे काही लिहावे." आमचे शिक्षण शाळेपुरते; शास्त्राध्ययन म्हणावे तर तीर्थरूपांच्या पूजेत पाणी भरता भरता जे कानावर पडले तेवढेच. तथापि दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे असे आम्हांस वाटते, म्हणून हे धाडस करीत आहोत.

आपण रोज देवाची षोडशोपचार पूजा पाहता. पंचामृताने न्हाऊ घातल्यावर देवाला थेट पुसून बसवीत नाहीत. चंदनाच्या पाण्याचे गंधोदकस्नान होते, सुगंधी तेल लावून ऊन पाण्याचे मांगलिक स्नान होते, आणि त्यानंतर अभिषेक. आता विचार करावा, की ज्याला मळ नाही त्याला ऊन पाणी कशासाठी? पंढरपुरी याचे उत्तर फार स्पष्ट मिळते. आषाढी आणि कार्तिकीच्या यात्रेत श्रीविठ्ठलाचा पलंग काढतात, देव अहोरात्र दर्शनासाठी उभा असतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, आणि रात्री औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवितात. का, तर उभे राहून देवाला शिणवटा आला! चैत्रापासून मृगापर्यंत त्याच देवाला चंदनाची उटी लावितात, कारण ऊन तापलेले असते.

भक्ताने देवाच्या ठायी थकवा कल्पिला, हे कोणाला भोळेपण वाटेल. आम्हांस त्यात मोठे शहाणपण दिसते. सेवा करणारा थकतो, उभा राहणारा थकतो, आणि थकलेल्याचे पाय चोळून देणे ही पूजाच होय, हे जाणणाऱ्यांनीच हा उपचार बसविला.

आमच्या इंदूरपासून सुमारे ५५ किलोमीटरांवर महाकालेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. आपली आश्विन वद्य चतुर्दशी म्हणजे तिकडची कार्तिक कृष्ण चतुर्दशी, अर्थात रूपचौदस. महिन्याचे नाव वेगळे, दिवस एकच. त्या पहाटे महाकालाला केशर-चंदनाचे उटणे लावून ऊन पाण्याने स्नान घालतात, आणि तेथपासून फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत देवाला रोज ऊन पाण्याचेच स्नान घडते. विशेष हे, की ते उटणे लावण्याचा मान पुजारी घराण्यांतील स्त्रियांचा असतो. वर्षभर जे हात पडद्याआड राबतात, ते त्या पहाटे देवाच्या अंगाला लागतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

शास्त्रकारांनी स्नानाचे नित्य, नैमित्तिक, काम्य इत्यादी भेद सांगून अभ्यंगाला मलापकर्षण स्नानात बसविले आहे. वाग्भटाचार्यांच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा अध्याय आहे. त्यात स्नानाने जाणाऱ्या गोष्टी मोजताना श्रम, झापड आणि दाह यांच्याच रांगेत पापही बसविले आहे! आचार्यांना थकवा ही पापाच्या शेजारी ठेवण्याइतकी गंभीर गोष्ट वाटली, हे आम्हांस पहिल्यांदा कळले तेव्हा हसू आले, आणि मग वाटले की बरोबरच आहे. घरात आपण रागाने जे बोलतो, त्यातले पुष्कळसे थकव्याने बोललेले असते.

आता कृती.

आमच्या घरच्या उटण्याचे माप असे आहे: मसुरीच्या डाळीचे पीठ २५० ग्रॅम; नागरमोथा, कपूरकाचरी, वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि संत्र्याची वाळलेली साल प्रत्येकी ५० ग्रॅम; वाळा आणि आंबेहळद प्रत्येकी २५ ग्रॅम; चंदनाची पूड १० ग्रॅम. पाकळ्या आणि साल सावलीत वाळवाव्या, उन्हात नव्हे. कारण सुगंध म्हणजे उडून जाणारे तेलच असते, ते ऊन आधी नेते. प्रत्येक जिन्नस वेगळा कुटून वस्त्रगाळ करावा. वाळ्याच्या मुळ्या चिवट असतात, त्या कात्रीने बारीक कापून मगच कुटाव्या, नाहीतर कुटणाऱ्याचा अंत पाहतात. तयार उटणे काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवावे. लावतेवेळी दुधात कालवावे. त्वचा तेलकट असेल तर नुसत्या पाण्यात किंवा गुलाबपाण्यात. नव्या उटण्याचा एक ठिपका आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावा, लाली आली तर ते अंगास लावू नये. संत्र्याची साल कोणाकोणाला सोसत नाही.

चंदन महाग झाले आहे आणि त्यात भेसळ फार. झाडाच्या गाभ्याला सुगंध यावयास वर्षानुवर्षे लागतात, आणि रानातले चंदन तोडून तोडून कमी झाले आहे. म्हणून चंदनाच्या नावाने मिळणारी स्वस्त पूड घेण्यापेक्षा ते न घातलेले बरे. वाळा आणि नागरमोथा मिळून उणीव पुष्कळ भरून काढतात. नागरमोथा तर शेतकऱ्याला नको असलेले तण. त्याच्या गाठीत देवाने एवढा सुगंध भरून ठेवला, यावर एक स्वतंत्र प्रवचन होईल.

पदार्थ थोडेच असले म्हणून खंत करू नये. उज्जयिनीच्या वराहमिहिराचार्यांनी सहाव्या शतकात बृहत्संहिता रचली, तिच्यात गंधयुक्तीचा एक अध्यायच आहे. सोळा द्रव्यांतून चार चार निवडली तर १८२० मिश्रणे होतात, असा हिशेब त्यांनी तेथे मांडला आहे. ज्योतिषी मनुष्य, ग्रहांसारखेच सुगंधही मोजून मोकळा झाला! आपल्या घरी चारच डबे असले तरी आचार्यांच्या हिशेबात आपली जागा आहे.

दिवाळीखेरीज एरवीच्या थकव्यासाठी याहून सोपा उपाय आहे. वाळा, नागरमोथा, तुळशीची पाने आणि संत्र्याची साल स्वच्छ मलमलीच्या पुरचुंडीत बांधावी, लहान पातेल्यात झाकण ठेवून दहा मिनिटे उकळावी, आणि तो काढा स्नानाच्या बादलीत ओतावा. झाकण विसरू नये. वाफेबरोबर सुगंध जातो, आणि मग स्वयंपाकघर सुवासिक होते व बादली कोरडी राहते. पाणी अंगाला सुखावेल इतपतच ऊन असावे. डोक्यावर कढत पाणी घेऊ नये, त्याने केस व डोळे यांचे बळ कमी होते, असे वाग्भटाचार्य सांगतात. रात्री नीट झोप लागत नसेल त्याने निजण्यापूर्वी एक-दोन तास हे स्नान करावे. ऊन पाण्याने कातडीतील रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, स्नानानंतर अंग हळूहळू निवते, आणि निवत्या अंगाला झोप लवकर येते.

तेल तिळाचे घ्यावे. वाटी ऊन पाण्यात ठेवून कोमट करावे, आचेवर थेट नको. शिर, कान आणि तळपाय यांकडे आचार्यांनी विशेष लक्ष देण्यास सांगितले आहे. अजीर्ण झालेल्याने वा कफाने दाटलेल्याने अभ्यंग करू नये, आणि जेवणानंतर लगेच स्नानही करू नये. बाजारात शिश्यांतून मिळणारे निलगिरीचे किंवा लवंगेचे अर्क पाण्यात थेट टाकू नयेत. आम्ही एका हिवाळ्यात हौसेने निलगिरीचे तेल बादलीत ओतले होते. तेल पाण्यात मिसळत नाही, तरंगते, आणि पहिल्याच तांब्याबरोबर सगळे आमच्या खांद्यावर उतरले! दोन दिवस खांदा धगधगत होता. घालावयाचेच असेल तर एक-दोन थेंब आधी तिळाच्या तेलात मिसळावे, आणि लहान मुलांसाठी तेही नको.

येथे एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. अभ्यंगाला वेळ लागतो, थंडीमुळे न्हाणीघराची खिडकी बंद असते, आणि पुष्कळ घरांत आता आत गॅसचा गिझर बसविलेला असतो. हवा खेळती नसेल तर त्याच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. मनुष्य गुंगीत जातो आणि उठत नाही. सुगंधाच्या गोष्टी सांगताना या वासहीन शत्रूचे नाव घेणे भाग आहे. खिडकी उघडी ठेवावी, किंवा पाणी आधी भरून घेऊन गिझर बंद करून मग बसावे. आणि तेलाने फरशी निसरडी होते; वृद्धांना पाटावर किंवा खुर्चीवर बसवूनच न्हाऊ घालावे. मधुमेही माणसाच्या तळपायांना चटका कळत नाही, म्हणून त्यांचे पाय बुडविण्याआधी पाणी दुसऱ्याने कोपराने तपासावे. ज्यांना स्नानच झेपत नाही त्यांच्यासाठी शास्त्राने मंत्रस्नान, भस्माचे आग्नेय स्नान, फार काय, मानसस्नानदेखील मान्य केले आहे. त्यांनी जिवाला खाऊ नये.

कोणी कोणी मंदिरातील निर्माल्याचे गुलाब उटण्यासाठी मागतात. तीर्थरूप ते देत नाहीत, याचा राग मानू नये. स्नानाचे पाणी पायाखालून मोरीत जाते. देवाच्या अंगावरचे फूल तेथे जाऊ नये. शिवाय बाजारच्या फुलांवर फवारणी झालेली असते. आपल्या कुंडीतला गावठी गुलाब सर्वांत चांगला.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

नरकासुराच्या वधाची कथा आपण सर्व जाणता. भगवंताने सत्यभामेसह जाऊन त्या असुराला मारले आणि त्याच्या कोंडवाड्यातून सोळा सहस्र राजकन्या मुक्त केल्या. त्या विजयाची आठवण म्हणून आपण पहाटे न्हातो. परंतु भागवताच्या दशमस्कंधात एक लहानसा तपशील आहे, त्यावरून आपण भरभर पुढे जातो. त्या कन्यांना भगवंताने तशाच धुळीने माखलेल्या पाठविले नाही. स्वच्छ, निर्मळ वस्त्रे लेववून, पालख्यांत बसवून द्वारकेस पाठविले. न्हाल्याविना निर्मळ वस्त्र कोण लेते? म्हणजे त्या दिवसाचे पहिले स्नान विजयी वीराचे असो वा नसो, बंदिवासातून सुटलेल्या त्या स्त्रियांचे खचितच होते, असे आम्ही समजतो.

आणि आपल्या घरी त्या पहाटे काय होते? आमच्याच घरचे सांगतो. आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब अजून आहे, चतुर्दशीला तोच पेटवितात. आई साडेतीनला उठते. बाबांना मंदिरात जावयाचे म्हणून त्यांचे पहिले. मग आजी, मग आम्ही, मग बहीण. प्रत्येकाच्या पाठीला तेल आईने लावावयाचे, उटणे तिने कालवावयाचे, आघाडा तिने फिरवावयाचा, निम्म्या स्नानात ओवाळावयाचेही तिनेच. शेवटी बंब थंडावलेला, उटण्याची वाटी खरवडलेली, आणि ती दोन तांबे अंगावर घेऊन फराळाकडे धावलेली. असे आमच्या जन्मापासून चालले होते आणि आम्हांस त्यात काही दिसले नव्हते. मधल्या काळात तिला चिकुनगुन्या झाला, सांधे धरले, तरीही क्रम तोच.

दोन वर्षांपूर्वी बहिणीने सहज विचारले, "आईच्या पाठीला तेल कोण लावते?"

कोणी बोलेना. बाबा पुढच्या दरवाजातच थांबले. तेवढ्यात आजी, वय वर्षे ऐंशी, पदर खोचून उठली आणि म्हणाली, "मी लावते. बैस गं पाटावर." आई संकोचाने म्हणाली, "अहो आई, तुम्ही कशाला? आणि आता पाणीही निवले." आम्ही बंबात नवे कोळसे टाकले. बहिणीने डब्यातले उटणे नव्याने दुधात कालविले. मंदिरात काकडआरतीला त्या दिवशी थोडा उशीर झाला, हे तेव्हाच्या उपस्थित भक्तांना स्मरत असेल. कारण हे होते.

आम्ही ओसरीवर बसून ऐकत होतो. आजी तिला सांगत होती, की तिच्या स्वतःच्या पाठीला शेवटचे तेल तिच्या आईने माहेरी लावले होते, लग्नाच्या आधी. मग बराच वेळ दोघी गप्प. पाण्याचा आवाज, वाळ्याचा वास. मध्येच आईची हाक आली, "दूध उतू जाईल हो, कोणीतरी पाहा!" आणि आजीचे उत्तर, "जाऊ दे."

दूध गेलेच उतू. चुलीपाशी बाबा उभे होते, त्यांच्या ते ध्यानात आले नाही. ओटा त्यांनीच पुसला, आणि मग ओवाळणीचे तबक घेऊन न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.