वर्गात मोबाईल हवा का?

पालकहो, मुलांना वर्गात मोबाईल वापरू द्यावा की नाही, हा प्रश्न शिस्तीचा मानला जातो. आम्हाला त्यात न्यायाचाही भाग दिसतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आपणच मुलांच्या हाती मोबाईल देऊन 'हीच तुझी शाळा' असे सांगितले. जिथे फोन एक आणि मुले तीन, तिथे धाकट्याचा तास बुडाला. आता तीच वस्तू दप्तरात सापडली की मूल गुन्हेगार ठरते! गृहपाठ मात्र कितीतरी शाळांत अजूनही व्हॉट्सॲपवरच येतो.

तरीही वर्गात मोबाईल नको, असेच आम्ही म्हणू. फ्रेंच तत्त्वचिंतक सिमोन वेल यांनी १९४२ च्या सुमारास एक विचार मांडला होता. भूमितीचे उदाहरण तासभर झटूनही सुटले नाही, तरी त्यावर खर्ची पडलेले अवधान वाया जात नाही; तेच पुढे प्रार्थनेत आणि दुःखी शेजाऱ्याचे ऐकताना कामी येते. खिशातला मोबाईल थरथरला की हेच अवधान तुटते. (मिस्सेतही थरथरतो, पण ते असो.)

फ्रान्सने २०१८ साली कायद्यानेच सुमारे १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत मोबाईल वापरण्यास मनाई केली. त्यातही दिव्यांग विद्यार्थ्यांच्या साधनांना सूट आहे. दृष्टिहीन मूल मोबाईलवरून पाठ ऐकत असेल, तर त्याचा फोन काढून घेणे अन्यायच होईल.

शिक्षकांनीही तासाला आपला फोन खणात ठेवावा आणि गृहपाठ पुन्हा वहीत उतरवून द्यावा, म्हणजे संध्याकाळी मुलाला आईच्या फोनची वाट पाहत बसावे लागणार नाही.