पात्र आणि अपात्र : कर्मनिर्णयाचा विचार

श्रीमद्भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवान श्रीकृष्णांनी कर्म, विकर्म आणि अकर्म असा भेद सांगून कर्माची गती गहन असल्याचे म्हटले आहे. कर्म कोणते आणि अकर्म कोणते, याविषयी जाणतेही मोहात पडतात, असे त्या ठिकाणी निरूपण आहे. चोरी वाईट, दान चांगले, असत्य पाप, दया पुण्य, एवढे तर लहान मूलही जाणते. मोह उत्पन्न होतो तो दोन सद्गुण एकाच दारात समोरासमोर उभे राहतात तेव्हा. सत्य एकीकडे ओढते, दया दुसरीकडे ओढते, आणि मध्ये उभ्या असलेल्या मनुष्याला त्याच दिवशी, त्याच घटकेला काही तरी बोलावेच लागते. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रसंगाचा विचार करावयाचा आहे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. येथील शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावर चालणारी, आणि सोयाबीन व तूर ही तिची मुख्य पिके. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली केंद्र शासनाने ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, त्यांत वाशीमचाही समावेश होता. त्याच सुमारास, २००५ च्या अखेरीस व २००६ च्या आरंभी, राज्य शासनाने अशा मृत शेतकऱ्याच्या कुटुंबास एक लाख रुपये देण्याचे ठरविले. तीस हजार रुपये तत्काळ हाती द्यावयाचे आणि सत्तर हजार रुपये ठेव म्हणून ठेवावयाचे, अशी ती योजना होती. मात्र मृत्यूचे कारण नापिकी, फेडता न येणारे कर्ज किंवा कर्जवसुलीचा तगादा हे असले पाहिजे, आणि कर्जही बँक, सहकारी संस्था अथवा परवानाधारक सावकार यांचे असले पाहिजे, अशा अटी होत्या. गावात चौकशी व्हावी, कागद जमा व्हावेत आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवावे, असा क्रम होता. या क्रमात पुष्कळ कुटुंबे अपात्र ठरत आली आहेत.

आता जिल्ह्यातील कोणत्याही एका गावाची कल्पना करावी. एका शेतकऱ्याने जीवन संपविले आहे. त्याचे सलग दोन हंगाम बुडाले होते. बँकेचे कर्ज थोडे होते, परंतु विनापरवाना सावकाराचे मोठे होते आणि त्याचा कागद कोठेही नाही. शेवटच्या वर्षात त्याला दारूचे व्यसन जडले होते, हेही गाव जाणते. घरात पत्नी, दोन मुले आणि वृद्ध सासू. चौकशीसाठी आलेला अधिकारी शेजाऱ्यांना विचारतो की, हे कशामुळे घडले?

पहिला शेजारी म्हणतो की दारूचा उल्लेखही करू नये आणि सावकाराचे कर्ज बँकेचेच होते असे सांगावे; म्हणजे त्या बाईच्या पदरात काही तरी पडेल. दुसरा म्हणतो की आपण खोटे बोलणार नाही. तो प्यायचा हे डोळ्यांनी पाहिले आहे, तेवढेच सांगावे, पुढचे समिती पाहून घेईल. पहिल्याच्या मनात दया आहे, दुसऱ्याच्या मुखात सत्य आहे. यांपैकी योग्य कोण?

पहिल्याचा पक्ष घेणारे महाभारताच्या कर्णपर्वाकडे बोट दाखवितील. गांडीव दुसऱ्यास दे, असे म्हणणाऱ्याचा वध करण्याची प्रतिज्ञा अर्जुनाने केलेली होती. ती पाळण्यासाठी तो प्रत्यक्ष ज्येष्ठ बंधूवर शस्त्र उचलतो, तेव्हा भगवान श्रीकृष्ण त्याला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतात. कौशिकाने सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतले होते. चोरांच्या भयाने पळालेली माणसे वनात लपली आणि मागून आलेल्या चोरांनी कौशिकाला त्यांचा ठावठिकाणा विचारला. त्याने तो सांगितला. चोरांनी त्या माणसांना मारले आणि सत्यवादी कौशिक अधोगतीला गेला. जे धारण करते, प्राणिमात्राला सावरते तो धर्म, असे या उपदेशाचे तात्पर्य आहे. पाश्चात्त्य तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली लिहिलेल्या एका निबंधात नेमका असाच प्रसंग घेतला आणि मारेकऱ्याशीही असत्य बोलू नये असा उलट निर्णय दिला. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तील ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात सत्य व अहिंसा यांच्या अपवादांची चर्चा केली आहे, तीही याच पेचातून. तेव्हा शंका अशी की, चोरांसमोर असत्य क्षम्य असेल तर विधवेसाठी ते का नसावे?

या शंकेचे समाधान दोन्ही प्रसंगांतील भेद पाहिल्यावर होते. कौशिकाला विचारणाऱ्या चोरांना उत्तर मागण्याचा कोणताही अधिकार नव्हता. त्यांचा प्रश्न हेच हिंसेचे शस्त्र होते, आणि ते शस्त्र कौशिकाने त्यांच्या हाती दिले. भगवंतांनी त्या प्रसंगी मौनालाही स्थान दिले आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. चौकशी अधिकारी मात्र कोणाच्या जिवावर उठून विचारीत नाही. तो जनतेच्या द्रव्यातून साहाय्य देण्यासाठी विचारतो, आणि विचारण्याचा त्याला अधिकार आहे. कौशिकाच्या कथेतून जर कोणी असत्याची सरसकट मोकळीक काढू लागेल, तर तो कथेचा अर्थ घेत नसून केवळ आडोसा घेत आहे.

तरीही पहिल्या शेजाऱ्याच्या बाजूने एक प्रबळ शंका उरते. अटच अन्यायाची असेल तर? विनापरवाना सावकार कागद करीत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. मग ज्याने अधिक जाचक ऋण काढले त्याचेच कुटुंब अपात्र ठरावे, हा कोणता न्याय? ही तक्रार खरी आहे. परंतु असत्याने या अन्यायाचे निवारण होत नाही. गुप्तपणे खोटा जबाब दिला की नियम जसाच्या तसा राहतो. बँकेच्या नावावर एक मृत्यू वाढतो आणि सावकाराच्या नावावरचा एक मृत्यू पुसला जातो. पुढच्या गावात ज्या विधवेला असा चतुर शेजारी लाभत नाही, ती रिक्त हस्ताने परत जाते. खोटा जबाब ओळखीच्या माणसाला तारतो आणि अनोळखी माणसाला बुडवितो. ज्या दयेला आपले गाव दिसते आणि पुढचे गाव दिसत नाही, तिच्यात ममत्वाचा अंश मोठा असतो.

आता दुसऱ्या शेजाऱ्याचा विचार करावा. तो खोटे बोलला नाही हे खरे. परंतु तो सत्य बोलला काय? केशिराजबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टांत आहे. ज्याने जो अवयव चाचपला, त्याने त्यालाच हत्ती मानले. कोणाच्याही हाताला लागले ते खोटे नव्हते. खोटा होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. दार्ष्टान्तिकात हेच लागू करावे. ‘तो दारू पीत असे’ हे वाक्य खरे आहे. परंतु दोन हंगामांची नापिकी, सावकाराची दारावरची ये-जा आणि व्यसन कर्जाच्या पाठोपाठ आले हा क्रम गाळून तेवढेच सांगितले, तर त्या खऱ्या वाक्यातून खोटा मनुष्य उभा राहतो. अशा अर्ध्या सत्याने विधवेचे साहाय्य जाते आणि मृताचे नावही जाते. ज्याला आता उत्तर देता येत नाही, त्याच्याविषयी अर्धे बोलणे ही वाचेची हिंसा होय. येथे कौशिकाची कथा खरोखर लागू पडते, आणि ती दुसऱ्या शेजाऱ्याला लागू पडते. आपण निष्कलंक राहिलो एवढ्यावर ज्याचे समाधान होते, त्याचे लक्ष सत्यावर नसते, स्वतःवर असते.

मग कर्तव्य कोणते? या पंथाच्या परंपरेत साक्षीचा एक थोर आदर्श आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळा गोळा करताना म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन विचारपूस केली, आणि आठवणींत भेद आढळला तेथे एक पाठ झाकून दुसरा ठेवला नाही. प्रेम अपार होते, तरी प्रेमापोटी भर घातली नाही. साक्षीदाराने असेच असावे. पीक गेले ते सांगावे, कागद नसलेले कर्ज सांगावे, सावकार केव्हा येत असे ते सांगावे, व्यसनाचा प्रश्न निघाला तर ते केव्हा लागले तेही सांगावे. ज्या गोष्टीला कागद नाही, तिला तोंडाची साक्ष हाच आधार असतो. सावकाराच्या भीतीने गाव जे बोलत नाही, ते बोलण्यास धैर्य लागते, आणि असत्यापेक्षा हे धैर्य त्या विधवेच्या अधिक उपयोगाचे आहे.

येवढे करूनही समितीने ‘अपात्र’ असा निर्णय दिला तर? पूर्ण सत्य सांगितले म्हणून फळ अनुकूल मिळेलच, असे शास्त्र कोठेही सांगत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची जी पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत कर्ता हे एकच कारण आहे. परंतु येथेच पहिल्या शेजाऱ्याच्या दयेची खरी परीक्षा सुरू होते. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र यांचा विचार आला आहे. शासनाच्या कागदावर पात्रता मृताच्या मरणकारणात शोधली जाते. दानधर्मात ती समोरच्या जिवंत माणसाच्या गरजेत असते. समितीने ज्या घराला अपात्र म्हटले, ते घर शेजाऱ्याच्या दृष्टीने त्या क्षणापासून अधिकच पात्र होते. पेरणीच्या वेळी त्या शेतात आपले औत घालणे, बियाण्याची एक पिशवी देणे, मुलाचे शिक्षण अडू न देणे, सावकार दारी आला असता त्या बाईच्या शेजारी उभे राहणे आणि अन्यायाच्या अटीविरुद्ध उघडपणे अर्ज करणे, हे सर्व त्याच्या हाती आहे. खोटा जबाब देण्यास त्याच्या पदरचे काहीच जात नव्हते, यात जाते. दया जनतेच्या द्रव्यातून करावयाची आणि पुण्य आपल्या नावे मांडावयाचे, असा व्यवहार कर्माच्या हिशेबात जमत नाही.

यावरून कर्मनिर्णयाची काही गमके हाती येतात. विचारणाऱ्याला विचारण्याचा अधिकार आहे काय? जे सांगितले जात आहे ते पूर्ण आहे काय? या कर्माचा भार जो येथे उपस्थित नाही अशा कोणावर पडतो काय? आणि आपल्या चांगुलपणाची किंमत आपण स्वतः देत आहोत, की ती दुसऱ्याकडून वसूल होत आहे? यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण त्याचे उत्तर कर्त्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते. अगदी प्राणावर बेतलेल्या प्रसंगी कोणाला असत्याचा आश्रय घ्यावा लागलाच, तर त्यानेही ते आपल्या लाभासाठी नसावे आणि पुढे उघड कबूल करून त्याचा दंड सोसण्याची आपली तयारी असावी, एवढे पाहावे. ज्याची ही तयारी नाही, त्याने कौशिकाचे नाव घेऊ नये.

सारांश, सत्य आणि दया यांचा विरोध पुष्कळदा दिसतो तितका खरा नसतो. अर्धे सत्य आणि फुकटची दया यांचाच तो विरोध असतो. सत्य पूर्ण केले आणि दयेला स्वतःच्या कष्टांची जोड दिली, म्हणजे दोन्ही एकाच दारात शेजारी शेजारी उभी राहू शकतात. साधकाने कर्म करण्यापूर्वी एवढे पडताळून पाहावे. निर्णय चुकण्याचा संभव तरीही राहील, परंतु तो मोहामुळे चुकला असे म्हणण्याची पाळी येणार नाही.