पाण्याखालची कबर

बुडालेली मच्छीमार बोट ही कबर मानायची की नुसते लोखंड? ब्रिटनच्या उत्तरेकडील थंड समुद्रात हौशी पाणबुडे अशा बोटींवर उतरतात. त्यांच्या निमित्ताने आम्हाला हा प्रश्न पडला.

ही हौस सोपी नाही. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते, म्हणून आत थेंबही न शिरणारा पोशाख लागतो. तीस मीटर खाली दाब चौपट होतो आणि पाठीवरची हवाही चौपट वेगाने संपते. हाती राहतात पंधरा-वीस मिनिटे. तेवढ्या वेळात दिसतात कठड्यावर फुललेली पांढरी-केशरी समुद्रफुले, अडकलेली जाळी, केबिनच्या खिडकीतून ये-जा करणारे मासे. हे पाहावेसे वाटले तर त्यात गुन्हा कसला?

कायदा इथे विचित्र आहे. बुडालेल्या बोटीतून पितळेची घंटा वर आणली तर अठ्ठावीस दिवसांत सरकारी अधिकाऱ्याला कळवावे लागते. लढाईत बुडालेल्या जहाजांना 1986 च्या कायद्याने संरक्षण देता येते. मासे पकडताना बुडालेल्या खलाशाला मात्र तो कायदा विचारत नाही. तीच बोट युद्धात सुरुंग काढायला नेलेली असती, तर तिला हे संरक्षण मिळू शकले असते. पोटासाठी मेलेल्याची किंमत देशासाठी मेलेल्याहून कमी, हा हिशेब आम्हाला पटत नाही. आपल्याकडे तर बुडून मेलेल्याला शहीदाचा दर्जा आहे, मग तो कोणत्याही कामावर असो.

कबरीवर बसू नये, ती तुडवू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवले जाते. कब्रस्तानात जाणे मात्र चांगले, कारण मरणाची आठवण होते. हाच न्याय पाण्याखाली लावला तर बोटीभोवती फिरून परतणारा हा भेटीला आलेला माणूस ठरतो. खलाशांच्या झोपायच्या जागेत शिरून आठवण म्हणून कपबशी उचलणारा तसा ठरत नाही. नियत चांगली होती एवढे म्हणून त्याची सुटका होणार नाही. चांगल्या नियतीनेही हाडे मोडतात.

पण 'मृतांना शांत राहू द्या' हे वाक्य नेहमी मृतांच्याच भल्यासाठी उच्चारले जाते का? हल बंदराची 'गॉल' ही बोट फेब्रुवारी 1974 मध्ये नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात छत्तीस माणसांसह नाहीशी झाली. मदतीची हाकही कुणाला ऐकू आली नाही. बोट हेरगिरी करत होती, माणसे रशियनांनी पकडून नेली, अशा अफवा वर्षानुवर्षे चालल्या. बायका आणि आया वाट पाहत राहिल्या. 1997 मध्ये बोट सापडली ती सरकारला नव्हे, दूरचित्रवाणीच्या लोकांना. जवळपास 280 मीटर खोलीवर कॅमेरे सोडून त्यांनी ती पाहिली. परक्यांचे कुतूहलच इथे घरच्यांच्या उपयोगी पडले.

शरियतमध्ये समुद्र ही कबर होऊ शकते. जहाजावर मौत झाली आणि किनारा आवाक्यात नसेल, तर गुस्ल, कफन, नमाज करून मय्यत पाण्यात सोडतात. अट आहे ती किनारा आवाक्यात नसण्याची. मग यंत्रांनी आवाका वाढवला तर कर्तव्यही वाढते काय? जानेवारी 2000 मध्ये 'सॉल्वे हार्वेस्टर' ही स्कॉटिश बोट मॅन बेटाजवळ सात जणांसह बुडाली. ब्रिटिश सरकार बोट वर काढायला तयार नव्हते. मॅन बेटाच्या सरकारने खर्च उचलला. पाणबुड्यांनी मृतदेह काढले, पुढे बोटही काढली. तिथे समुद्र उथळ होता. 'गॉल'च्या खोलीवर प्रत्येक हाड वर आणलेच पाहिजे असे आम्ही म्हणणार नाही. मय्यत हाती नसतानाही जनाज्याची नमाज शाफई मजहबात पढता येते, हे आमच्या कोकणच्या दर्यावर्दी घरांना ठाऊक आहे. पण माणसे का मेली, हे शोधण्याचे कर्तव्य मात्र आवाक्याबरोबर वाढते. ते घरच्यांचे देणे आहे.

2002 च्या पाहणीत 'गॉल'मध्ये मानवी अवशेष सापडले. 2004 च्या फेरचौकशीने निष्कर्ष काढला की माशांची घाण बाहेर टाकायच्या मार्गांची झाकणे उघडी राहून पाणी आत शिरले. म्हणजे दोष ज्यांना जबाब देता येत नव्हता त्यांच्याकडेही गेला. हलमधल्या काही घरांनी तो मानला नाही.