निघण्याची वेळ

प्रवासाविषयी आपल्याकडे जे चिंतन झाले आहे, ते बहुतेक लांबच्या प्रवासाविषयी. काशीयात्रा, पंढरीची वारी, परदेशगमन यांची तयारी, त्यांतील कष्ट आणि त्यांतून लाभणारे पुण्य किंवा शहाणपण यांवर पुष्कळ लिहिले गेले. उपनगरातून शहरात जाण्याच्या तासाभराच्या वाटचालीला मात्र कोणी प्रवास म्हणत नाही. तिची तयारी म्हणजे किल्ल्या, चष्मा, कागदपत्रे आणि घड्याळाकडे टाकलेली एक नजर. तरीही नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्यांच्या आयुष्याचा बराच भाग अशाच वाटचालींत खर्ची पडतो. आणि माणसाची नीती त्याच्या रोजच्या कृत्यांतून घडते हे खरे असेल, तर या क्षुल्लक प्रवासाच्या आखणीकडे थोडे निरखून पाहणे वावगे ठरू नये. घरातून किती वाजता निघावे हा केवळ सोयीचा प्रश्न आहे, की त्यात कर्तव्याचाही काही भाग आहे, एवढाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

उदाहरणादाखल गुरुग्रामहून दिल्लीला जाणारा रस्ता घेऊ. इफको चौकातून निघावे, सिरहौलची सीमा ओलांडावी, रजोकरी व महिपालपूर मागे टाकून धौला कुआँ गाठावे आणि सरदार पटेल मार्गाने मध्य दिल्लीत शिरावे; अंतर सुमारे २५ किलोमीटर. हा राष्ट्रीय महामार्ग ४८, पूर्वीचा क्रमांक ८. जयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई असा येऊन तो पुढे पुणे, सातारा, कोल्हापूर ओलांडतो आणि बेंगळुरूवरून चेन्नईला जातो. म्हणजे सकाळी कचेरीला निघालेल्या मराठी माणसाने मोटार उलट दिशेला वळवली, तर हाच रस्ता त्याला गावी नेऊन सोडील. २००८ च्या जानेवारीत येथील द्रुतगती मार्ग खुला झाला, तेव्हा दिल्ली आता हाकेच्या अंतरावर आली असे अनेकांना वाटले. सिरहौलच्या टोलनाक्याला ३२ मार्गिका होत्या. परंतु त्या नाक्यावरच रांगा लागू लागल्या आणि २०१४ साली तो हटवावा लागला. पुढे द्वारका द्रुतगती मार्गाचा हरियाणातील भाग २०२४ साली आणि दिल्लीतील भाग २०२५ साली खुला झाला. रस्ते वाढत गेले. पण आपण नेमके किती वाजता पोहोचू, हे सकाळी निघणाऱ्याला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

या अनिश्चिततेतच आमच्या प्रश्नाचे मूळ आहे. अंतर ठाऊक असते, काळ ठाऊक नसतो. आता मोबाइलवरील नकाशा निघण्यापूर्वीच सांगतो, की ५० मिनिटे लागतील. हा आकडा पाहून आपण निश्चिंत होतो. पण तो आकडा म्हणजे कोणी दिलेले वचन नाही, तो अंदाज आहे. आणि अंदाज म्हटला, की कधी त्याहून कमी वेळ लागणार आणि कधी जास्त. जो नेमका अंदाजाइतकाच वेळ हाती ठेवून निघतो, त्याने बऱ्याच दिवशी उशिरा पोहोचण्याची तयारी मनाशी केलेलीच असते. फक्त ती त्याने स्वतःला सांगितलेली नसते. मोकळा रस्ता मिळाला त्या एका दिवसाची आठवण आपल्याला फार प्रिय असते. त्या दिवशी आपण ३५ मिनिटांत पोहोचलो, आणि तेव्हापासून ३५ मिनिटे हाच खरा हिशेब व बाकीचे सारे दिवस अपवाद, असे आपण धरून चालतो.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जे अंतर पडते, त्याची भरपाई कोणी ना कोणी करतोच. ती करणारे तीन प्रकारचे लोक संभवतात. पहिले आपण स्वतः. लवकर निघून आपण आपली अर्धी घटका खर्च करतो. दुसरे आपली वाट पाहणारे. तिसरे रस्त्यावरील अनोळखी लोक. कारण घरात गमावलेला वेळ आपण वेगाने भरून काढू पाहतो आणि त्याचा धोका त्यांच्यावर पडतो. या तिघांपैकी निघण्याची वेळ ठरवण्याचा अधिकार फक्त पहिल्याला असतो. उरलेल्या दोघांना कोणी विचारलेले नसते. दुसऱ्याच्या संमतीवाचून त्याच्या खात्यावर खर्च टाकणे व्यवहारात गैर मानले जाते. मग वेळ आणि जीव यांच्या बाबतीत ते गैर का मानू नये, हे आम्हांला समजत नाही.

वाट पाहणाऱ्यांचा विचार आधी करू. बारा माणसांच्या बैठकीला एक जण दहा मिनिटे उशिरा आला, तर एकूण जवळजवळ दोन तास गेले. हा हिशेब शाळेतील मुलगाही करील. पण येथे आणखी एक गोष्ट आहे. कनिष्ठाच्या उशिराला आपण ढिलाई म्हणतो आणि वरिष्ठाच्या उशिराला कामाचा व्याप. दोघेही त्याच महिपालपूरच्या गर्दीत अडकलेले असतात. परंतु एकाच्या नावापुढे खूण होते आणि दुसऱ्यासाठी चहा दुसऱ्यांदा गरम होतो. दाराबाहेर बसलेला अर्जदार तर याहून गरीब. तो कदाचित आदल्या रात्रीच्या गाडीने आलेला असतो आणि त्याचा वेळ फुकटचा आहे असे गृहीत धरलेले असते. ज्याच्या उशिराबद्दल कोणी जाब विचारू शकत नाही, त्याने तो स्वतःच स्वतःला विचारला पाहिजे. अधिकारासोबत येणारे हे एक न लिहिलेले कर्तव्य आहे.

आता रस्त्यावरील अनोळखी लोक. या २५ किलोमीटरांपैकी १२ किलोमीटर रस्ता मोकळा मिळाला असे समजू. ताशी ६० च्या वेगाने त्याला १२ मिनिटे लागतात, ताशी ८० ने ९. लाभ तीन मिनिटांचा. पण वेग असा वाढला, की धडकेचा जोर त्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० वरून ८० वर जाताना तो पावणेदोन पटींहून थोडा अधिक होतो. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तरी पहिल्या वेगात मोटार सतरा मीटर पुढे गेलेली असते आणि दुसऱ्यात बावीस. एवढ्या पाच मीटरांत एक माणूस सहज मावतो. रस्ते अपघातांविषयीच्या केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात त्या वर्षीच्या मृतांची संख्या १,६८,४९१ दिली आहे. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात मोडतात, आणि मृतांत बत्तीस हजारांहून अधिक लोक पायी चालणारे होते. पायी चालणाऱ्याला आपल्या बैठकीची वेळ ठाऊक नसते. आपली तीन मिनिटे वाचावीत म्हणून त्याने काही सोसावे, असा कोणताही करार त्याने केलेला नाही.

येथे कोणी म्हणेल, की आम्ही स्वतः मोटार हाकतच नाही. ते काम चालकाचे. या म्हणण्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, कारण मागील आसनावर बसणाऱ्याला ते फार सोयीचे असते. “जरा लवकर चला” एवढे तीन शब्द उच्चारले, की उशीर आपल्या हातून चालकाच्या हाती जातो. परवाना त्याचा, दंडाची पावती त्याची, आणि काही विपरीत घडलेच तर कोठडीही त्याची. ‘साहेब, तुम्हीच पंधरा मिनिटे उशिरा खाली आलात’ असे म्हणण्याची सोय त्याला नसते. मे २०१७ पासून अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील लाल दिवे गेले, हे चांगलेच झाले. परंतु त्या तीन शब्दांवर अद्याप कोणी बंदी घातलेली नाही.

कायदा मात्र याबाबतीत आपल्यापेक्षा सूक्ष्म विचार करतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८३ वे कलम केवळ वेगाने मोटार चालवणाऱ्यालाच दोषी धरत नाही. आपल्या नोकरीतील माणसाला तशी चालवायला लावणाऱ्यालाही धरते. त्याच कलमात पुढे असे आहे, की अमुक प्रवास अमुक वेळात पुरा करावा असे वेळापत्रक कोणी प्रसिद्ध केले किंवा तसा आदेश दिला, आणि वेगमर्यादा मोडल्यावाचून तो त्या वेळात पुरा होणे शक्य नाही असे न्यायालयाला दिसले, तर ते वेळापत्रक किंवा तो आदेश हाच त्या माणसाविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा ठरतो. या तरतुदीतील मर्म आम्हांला फार मोलाचे वाटते. गुन्हा रस्त्यावर घडला तरी त्याचा आरंभ टेबलावर, एका अशक्य वेळेच्या नोंदीत झालेला असू शकतो, हे येथे कायद्याने मान्य केले आहे. आखणी ही केवळ कृतीची पूर्वतयारी नसते. आखणी हीच एक कृती असते.

याविरुद्ध दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की रस्त्यावरील खोळंबा दैवाधीन आहे. त्याला माणूस काय करणार? पुढे एखादा ट्रक उलटला, अवचित ढगफुटी झाली, तर खरोखरच इलाज नाही, आणि अशा उशिराबद्दल कोणालाही बोल लावता येणार नाही. परंतु सोमवारी सकाळी सीमेवर होणारी दाटी दैवाच्या खात्यात घालता येत नाही. जे दर आठवड्याला घडते, ते अकस्मात घडले असे म्हणणे म्हणजे आपल्याच अनुभवाशी अप्रामाणिक होणे होय. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ सालीच मांडले होते, की शहराच्या द्रुतगती मार्गावरील ऐन वेळेची गर्दी त्या मार्गाच्या क्षमतेपर्यंत वाढत जाते. रस्ता रुंद केला, की नवे प्रवासी येऊन तो भरून टाकतात. ‘आम्ही गर्दीत अडकलो’ असे आपण म्हणतो, तेव्हा मागच्या मोटारीतला माणूस ज्या गर्दीला दोष देत असतो तिच्यात आपलीही मोटार असते. म्हणून मोटार काढावीच का, हाही आखणीतलाच एक प्रश्न आहे. २०१० साली गुरुग्रामला पोहोचलेली मेट्रो थेट केंद्रीय सचिवालयापर्यंत नेते, आणि तिच्या वेळेचा भरवसा रस्त्यापेक्षा अधिक आहे. तिच्यात बसायला जागा मिळेलच असे नाही. परंतु तेथील गैरसोय आपली आपण सोसतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. लवकर निघण्यासाठी लागणारा वेळ येतो कोठून? तो घरातूनच येतो. मुलाला शाळेच्या बसपर्यंत पोहोचवून, वृद्ध सासऱ्यांचे औषध देऊन, स्वयंपाक आवरून निघणाऱ्या बाईंना ‘अर्धा तास आधी निघा’ असा उपदेश करणे सोपे आहे. त्यांच्याजवळ तो अर्धा तास नाही. उशिरा येणारा प्रत्येक जण बेफिकीर असतो असे मानणे म्हणजे ज्यांच्याजवळ सवड आहे त्यांची सवड हाच सद्गुण ठरवणे होय. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. मात्र त्यावरून कर्तव्य नाहीसे होते असे आम्हांला वाटत नाही, त्याची जागा तेवढी बदलते. ज्याला निघण्याची वेळ निवडता येत नाही, त्याचे ओझे ज्याला बैठकीची वेळ निवडता येते त्याने उचलले पाहिजे. साडेनऊची बैठक साडेदहाला ठेवल्याने राज्यकारभार बुडत नाही. पण दहा-बारा घरांतील सकाळ थोडी सुसह्य होते आणि रस्त्यावरील तितक्याच मोटारींची घाई कमी होते. बैठकीचे परिपत्रक काढणारा, न कळत, अनेकांच्या मोटारींचा वेगही ठरवीत असतो.

खऱ्या निकडीचे प्रसंग वेगळे. रुग्णाला घेऊन धावणाऱ्या वाहनाला वाट देणे हे साऱ्यांचे कर्तव्य आहे आणि त्याचा वेग सर्वांनी आपणहून मान्य केलेला आहे. परंतु आज आपल्याला उशीर झाला म्हणून आपले कामही तितकेच निकडीचे ठरत नाही. कामाचे महत्त्व आणि कामाची निकड या दोन भिन्न गोष्टी आहेत. महत्त्वाचे काम बहुधा आधीपासून ठाऊक असते, आणि म्हणूनच त्यासाठी वेळेवर निघता येते.

तेव्हा, ज्याच्या हाती निवड आहे त्याने निघण्याची वेळ कोणत्या दिवसाच्या मापाने ठरवावी? आमच्या मते सर्वांत चांगल्या दिवसाच्या मापाने नव्हेच, सरासरी दिवसाच्याही नव्हे. नेहमीच्या वाईट दिवसाच्या मापाने ठरवावी. म्हणजे बहुतेक दिवशी आपण पंधरा-वीस मिनिटे आधी पोहोचू. ती मिनिटे वाया गेली असे मानू नये. त्यांत फाईल पुन्हा एकदा वाचता येते, सोबत आलेल्या चालकाला निवांत चहा घेता येतो.

आणि इतके करूनही उशीर झालाच, तर तो उशीर म्हणूनच पोहोचवावा. वाटेतून निरोप पाठवावा, त्यात खरी वेळ सांगावी. ‘पाच मिनिटांत येतो’ असे धौला कुआँच्या अलीकडून सांगू नये. चालकाला म्हणावे, की सावकाश चला, उशीर झालेलाच आहे. दाराशी गेल्यावर वाट पाहणाऱ्यांची क्षमा मागावी, आणि त्यांत कोणी अर्जदार असेल तर त्याची आधी मागावी. क्षमा मागण्याचा संकोच वाटतो म्हणूनच पुष्कळदा आपण वेग वाढवतो. तो संकोच सोसणे आपल्या हातचे आहे. रस्त्यावर जे घडेल ते आपल्या हातचे नाही.