आपल्या वावराखालचं पाणी

महागाव,
अक्षय्य तृतीया

चि. नातीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू आडपडदा न ठेवता विचारलंस, ते बरं केलंस. वावर आपलं, पैसा आपला, मग बोअर मारायला आबांची आडकाठी कशाला? हळदीला विहिरीच्या भरवशावर ओलीत पुरत नाही, हे तुझ्या बाबांचं म्हणणं खरं आहे. मार्च उलटला की मोटर घटकाभर चालते आणि हवा ओढू लागते. तरी माझा विरोध आहे.

कायद्याचं आधी उरकतो. इंग्रजांच्या 1882 च्या ईझमेंट कायद्याने जमिनीच्या मालकाला तिच्याखालचं पाणी काढायचा हक्क दिला. तेव्हा पाणी मोटेने निघे. बैलांच्या ताकदीपलीकडे कुणी उपसूच शकत नव्हतं, म्हणून तो हक्क शेजाऱ्याला खुपला नाही. पंप आणि बोअर आले तशी महाराष्ट्राला बंधनं घालावी लागली. 1993 मध्ये गावाच्या पिण्याच्या पाण्यापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर, आणि 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरपेक्षा खोल जाण्यावर. साठ मीटर म्हणजे जवळजवळ दोनशे फूट. आपल्याकडे बोअरची बोलणी कितीपासून सुरू होतात ते बाबांनाच विचार.

आता सुट्टीत आलीस की विहिरीच्या काठावर उभी राहून आत नीट बघ. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग भेगा पडलेला खडक आणि तळाशी काळा फत्तर. झरे दिसतात ते मुरमात आणि भेगांत. आपला सगळा मुलूख लाव्हाच्या खडकाचा. त्याच्या पोटात पाणी साठायला जागा फार थोडी, आणि जी आहे ती बहुतेक वरच्याच थरात. पाऊस मुरतो तो तिथेच. बोअर मारताना या वरच्या थरात केसिंग पाइप ठोकतात, म्हणजे दरवर्षी भरणारं पाणीच बंद करून खालच्या फटींतलं शोधायला जातात. त्या फटी भरायला किती पावसाळे लागले असतील, कोण सांगणार? आणि फट काही आपल्या धुऱ्यापाशी थांबत नाही. चार जणांनी एकाच रांजणात नळ्या घालाव्यात आणि लांब नळीवाल्याने तळ गाठावा, तसं हे आहे. पलीकडच्या ज्या माणसाकडे बोअरपुरते पैसे नाहीत, त्याची विहीर आपल्या हळदीपायी आटेल. माझा आक्षेप आहे तो इथे.

पाऊस आपल्याला कमी नाही. यवतमाळ जिल्ह्यात वर्षाला 900 मिलिमीटरच्या आसपास पडतो. हिशेब करून बघ: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी 10,000 लिटर. म्हणजे आपल्या एका हेक्टरवर वर्षाकाठी 90 लाख लिटर पाणी पडतं! नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला याच्या निम्माही पाऊस नसतो. तिथल्या लोकांनी शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असं ठरवलं, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात.

आपलं पाणी कुठे जातं, ते 2023 मध्ये तू पाहिलंस. 22 जुलैला आपल्याच तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, 45 माणसं अडकल्याची बातमी आली, हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. वावरं खरडून गेली. ती माती पूस नदीतून पैनगंगेला गेली आणि कोणत्याही भरपाईने परत येणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात हाच तालुका पुन्हा पाण्यासाठी वणवण करतो, याचं मला फार वाईट वाटतं. शेजारच्या पुसदचे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना, 1992 मध्ये, राज्यात जलसंधारणाचं वेगळं खातं निघालं. त्यांच्या उशाशी असलेल्या तालुक्याने तरी पाणी अडवण्यात मागे राहू नये.

एक माणूस तुला ठाऊक असावा असं मला मनापासून वाटतं. विलासराव साळुंखे. पुण्याचे इंजिनिअर, स्वतःचा कारखाना असलेले. 1972 च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरले आणि पुढे नायगावला देवस्थानची माळरानाची जमीन घेऊन कामाला लागले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम बघ. पाणी जमिनीच्या मापाने वाटायचं नाही, घरातल्या माणसांच्या मोजणीने वाटायचं: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. मोठ्या जमीनवाल्यांना हे कसं पटवलं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. पाणी वाचवायला सांगणारे पुष्कळ भेटतात. वाचलेलं पाणी कुणाचं, हे ठरवायला बसणारा असा विरळा.

तेव्हा बाबांपुढे माझं म्हणणं ठेव. सोयाबीन यंदा रुंद वरंबा सरीवर, उताराला आडवं पेरायचं. झड लागली तर जादा पाणी सरीतून निघतं, उघडीप पडली तर ओल धरून राहते. विहिरीजवळून नाल्याचं पाणी वाहतं तिथे खड्डा घ्यायचा. तळाला मोठे दगड, त्यावर गिट्टी, वर वाळूचा जाड थर, आणि तळातून पाइप विहिरीत. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी बाहेरच काढून द्यायचं, नाहीतर गाळाने झरे बुजतील. हळद निम्मी, तीही ठिबकवर. खालच्या अंगाच्या दोन्ही शेजाऱ्यांशी मी बोललो आहे. तिघांनी मिळून नाल्यावर बांध घालायला ते तयार आहेत. ग्रामसभेत विषय मी मांडतो.

विहिरीची पातळी मोजायला दोरीला दर फुटावर गाठ मारून ठेवली आहे. आलीस की दर पंधरवड्याला तूच वहीत लिहायचं. बाबांना आजच फोन कर, बोअरवाल्याला अजून इसार देऊ नका म्हणावं.

तुझा,
आबा