वारसा आणि निष्ठा

एन. के. जेमिसिन यांच्या ‘द हंड्रेड थाउजंड किंग्डम्स’ (२०१०) या फँटसी-कादंबरीला ‘सर्वसमावेशक’ म्हणताना बोट ठेवले जाते ते सावळ्या, स्त्रीप्रधान समाजातून आलेल्या नायिकेवर. ही गणती मला अपुरी वाटते.

येइने ही डारची प्रमुख. आईच्या मृत्यूनंतर सत्ताधीश आजोबा तिला राजधानीत बोलावून आपल्या वारसांत गणतात. आजोबांच्या आरामेरी घराण्याची सत्ता गुलाम केलेल्या देवांच्या बळावर उभी आहे. आईचे रक्त आरामेरी, वडिलांचे डारचे. तेव्हा निष्ठा कोणाशी, हा प्रश्न उघडच आहे. खरा पेच मात्र पुढे आहे.

डारवर आक्रमण येऊ घातले असता येइने नाहादोथ या बंदिवान देवाला घेऊन शेजारच्या राज्यात जाते व त्याच्या सामर्थ्याचा धाक घालते. निष्ठा डारवरची, साधन आरामेरींचे. ज्यांच्या दास्याविषयी तिला कणव आहे, त्या दास्यानेच हे बळ तिच्या हाती दिलेले आहे. (देवाची तिला साथ आहे, हा बचाव फारसा टिकत नाही, आज्ञेचा अधिकार तिच्या रक्तात आहेच.) अखेरीस येइने मरून देवतारूपाने पुन्हा जन्मते. तेथे वारस म्हणून तिला पडलेला प्रश्न सुटत नाही, कथेतून निसटतो. आणि कादंबरीची मर्यादा मला तेथे जाणवते.